फॉर्मातला धर्म, देवघरातले देव आणि शिवारातली येळवस: आपण नेमकं मानतो काय?

मांजराकाठ

वडील जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकलं आणि आम्ही तिघे भाऊ वाटणीला बसलो. जमीन, विहिरीची पाळी, ट्रॅक्टर, गावातलं घर सगळं एका दुपारी मिटलं. दोन जाणत्यांना चहा पाजला, एवढाच खर्च. अडलं ते देवघरात.

तिथं काय काय आहे ते सांगतो. तुळजाभवानीचा टाक, खंडोबाचा टाक, पणजोबांचा टाक (आमच्यात त्यांना वीर म्हणतात), रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि पार गुळगुळीत झालेला एक शंख. या सगळ्यांच्या मागं कोनाड्यात हिरव्या फडक्यात बांधलेला गावातल्या पिराचा लाल-हिरवा नाडा. आजोबा मोहरमात फकीर व्हायचे. नवस त्यांच्या आईनं केलेला, हे जन्मभर फेडत राहिले. वडिलांनी फकिरी सोडली, बोचकं ठेवलं. दसऱ्याला बाकीचे देव चिंचेनं घासून निघायचे, बोचक्याला नुसता ऊद.

दादाचा पोरगा लातुरात शिकतो. तो म्हणाला, हे आपलं नाही, देवघरात नको. दादा म्हणाला, आण्णांनी ठेवलं ते मी हलवणार नाही. मधला पिंपरीला असतो, त्याला टाकच नको आहेत. शिवाशिव, सुतक, कोण सांभाळत बसणार म्हणतो. राहिलो मी, आणि मी देवच मानत नाही. दहावीच्या सुट्टीत जे सुटलं ते सुटलंच.

आता माझा घोळ ऐका. परवा मुलीच्या शाळेचा फॉर्म भरला. धर्म, जात, पोटजात. तिन्ही रकाने हात न थांबता भरले, म्हणजे जे मानत नाही तेच सगळं लिहून दिलं. आणि जे मी कधी चुकवत नाही त्याला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही. ते म्हणजे येळवस. दिवाळीला एखाद्या वेळी जाणं होत नाही, पण येळवसेला रजा टाकून गावी जातोच. आमचा मॅनेजर नागपूरचा आहे, त्याला दरवर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं की अमावस्येला कसला सण असतो.

मग मी नास्तिक आहे की काय आहे? येळवसेला रानात गेल्यावर जे होतं ती श्रद्धा, सवय, की भज्जीची चटक? तुम्ही स्वतःपुरतं काय मानता ते लिहा. प्रवचन नको, घरातलं लिहा.

काळीरान

भज्जीची चटकच असती तर लातुरात आता बाराही महिने हॉटेलात मिळायली, तिथंच खाऊन गप बसला असता की.

ज्यायला म्हाईत न्हाई त्यायच्यासाठी सांगतो. येळवस म्हंजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव आन पलीकडं कर्नाटकाचा पट्टा, जास्त करून ह्याच भागात. कलेक्टर साहेब जिल्ह्याला सुट्टी देतेत आन त्या दिवशी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, कुत्रं दिसत न्हाई. आदल्या राती बायामाणसं झोपत न्हाईत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, चुका, गाजर, बोरं, जे रानात हाय ते सगळं एका पातेल्यात, वर ताकात कालवलेलं डाळीचं पीठ, ही झाली भज्जी. बाजरीचे उंडे. ज्वारीच्या पिठाची आंबील. सकाळी बाप आंबिलीचा माठ डोक्यावर घेऊन पुढं, वरून घोंगडं, आमी मागं.

रानात कडब्याची कोपी. आत पाच दगडं मांडायची, चुना लावायचा, काव लावायची. झाले पांडव. त्यायच्यापुढं निवद. मग पिकाला येढा घालत आंबील शिंपडायची, आरोळी देत. आरोळीचे शब्द कानडी वळणाचे हायत, अर्थ आमच्या आज्याला बी लागत न्हवता. सांच्याला कडब्याची पेंढी पेटवून गव्हा-हरभऱ्याभवती फिरवायची.

ह्यात भट न्हाई, पोथी न्हाई, मुहूर्त न्हाई. पांडव कोन होते ते बी कुनी सांगत बसत न्हाई. म्हनून तुमच्यासारख्या नास्तिकाला ते चालतंय, आसं मला वाटतंय.

बालाघाटी

मांजराकाठ, प्रश्न उगाच अवघड केलात. देव नाही, सण आहे. नास्तिकानं पुरणपोळी खाऊ नये असा कायदा नाही. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यातसुद्धा कुणाच्या निवदाला हात लावलेला नाही. फसवणूक, छळ, अघोरी प्रकार यांच्यापुरता तो आहे. तरीही आमच्या बीडकडं अजून बाबाबुवांपुढं रांगा लागतात, ते वेगळं.

माझी शंका दुसरीच आहे. चांदीचा टाक घ्यायला तुमचा हात पुढं होत नाही, आणि बांधावरच्या दगडाला मात्र स्वतः चुना लावता. दगड चालतो, चांदी चालत नाही?

मांजराकाठ

दगड मागं लागत नाहीत हो. सुगी झाली की नांगरटीत कुठं जातात पत्ता नाही, पुढच्या वर्षी नवे पाच वेचायचे. टाकांना रोज पाणी लागतं, नवरात्रात माळ लागते, आणि घरात कुणी गेलं की सुतक लागतं. ते घेणं म्हणजे कुळाची नोकरी घेणं. माझा नकार बहुतेक देवाला नाही, त्या नोकरीला आहे.

नागसेनवन

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय. पण काळीरान, तुमच्या कोपीत पांडव बसले, बाप बसला, तुम्ही बसलात. तुमच्या सालगड्याचा निवद कुठं होता? पंगतीत की बांधापलीकडं? हे भांडायला विचारत नाही. या धाग्यावर 'आमच्यात', 'आपल्यात' हे शब्द फार सहज येऊन राहिलेत, म्हणून विचारतो.

आता माझ्या घरचं सांगतो. देवघराची वाटणी आमच्याकडं फार आधी झाली. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. आमचं गाव पैठण तालुक्यात. नागपूरहून आलेल्या माणसांनी बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवल्या आणि वाड्यातल्या सगळ्या घरांनी देव उचलून गोदावरीत नेले. टाक, मरीआईचा तांदळा, जोगव्याची परडी, सगळं. आजोबा नदीत छातीइतक्या पाण्यात उभे होते आणि बाया काठावरून एकेक देव त्यांच्या हातात देत होत्या. आजी सांगायची, परडी देताना तिचा हात सुटेना. आजोबांनी ओढून घेतली. पुढं भिंतीतली देवळी मोकळीच राहिली. तिथं काय ठेवायचं हे कुणाला कळत नव्हतं. मग रॉकेलची चिमणी ठेवायला लागले. बाबासाहेबांचा फोटो आला तो दोनेक वर्षांनी, औरंगाबादेतून.

तेव्हा आम्ही काय मानतो हा आमच्यात चहाच्या गप्पांचा विषय कधीच नव्हता. त्याची किंमत गावात वसूल व्हायची. मेलेली ढोरं ओढायची बंद केली म्हणून बलुतं बंद, विहिरीचा रस्ता बंद. वडील मिलिंद कॉलेजात शिकले, बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या. त्यांनाही फॉर्म भरावे लागायचेच, पण आमचं तुमच्या उलट. घरात बौद्ध, कागदावर हिंदू महार. कारण बौद्ध लिहिलं की केंद्राच्या सवलती जायच्या, थेट १९९० पर्यंत. त्या वर्षी कायदा बदलला आणि बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत धरलं. तोवर नोकरीसाठी वडिलांनी तो धर्म लिहिला, जो त्यांच्या बापानं गोदावरीत सोडला होता. सही करताना तोंड कसं व्हायचं ते आईनं पाहिलंय.

आणि नुसत्या नावाची किंमत म्हणाल तर २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. माझ्या डिग्रीवर ते नाव आहे, थोरल्या भावाच्या डिग्रीवर नाही. एकाच घरातले, एकाच विभागातले आम्ही.

मांजराकाठ, तुम्ही मानत नसताना तुमचे तिन्ही रकाने भरून निघतात. त्याचं तुम्हाला कोडं पडतं, एवढंच. आम्ही मानत होतो तेच लिहिता येत नव्हतं.

काळीरान

तुमी सरळ इचारलं, सरळ सांगतो. सालगड्याला निवद बांधावर, पळसाच्या पानावर. ताट न्हाई. आंबील वरून वतायची. म्या ल्हान होतो, मला ते दिसत होतं पन त्यात काई वावगं हाय आसं वाटत न्हवतं. आता एकत्र बसतेत सगळे. आमी लई सुदारलो म्हनून न्हवं. आता सालगडीच मिळत न्हाई. त्यायची पोरं पुण्याला, चाकणला कंपनीत गेली. जे हायत त्यायला वेगळं बसवलं तर दुसऱ्या दिवशी कामाला येनार न्हाईत. हे बी खरं लिवायला पायजे.

नागसेनवन

लिहिलंत, बरं केलंत.

गोदाकाठची

माझी एक साधी शंका. तिघे भाऊ वाटणीला बसलात, बहीण आहे का? असेल तर तिला कुणी बोलावलं का?

आता घरातलंच लिहायचं तर माझं सासर माजलगावकडचं. आमच्याकडं खरा सण महालक्ष्म्यांचा. पुण्या-मुंबईचे त्यांना गौरी म्हणतात, पण तिकडं बऱ्याच घरी तांब्यावर नाहीतर खड्यांवर भागतं. आमच्याकडं उभ्या. कोथळ्यांत धान्य भरायचं, वर पितळी मुखवटे, नव्या साड्या, सोळा भाज्या, पुरण. मुखवटे पिढीजात असतात आणि ते वाटत नाहीत, थोरल्या घरी राहतात. म्हणून थोरली सून होणं आमच्याकडं एक पद असतं.

सासरे गेले ते श्रावणात. महिन्याभरात महालक्ष्म्या आल्या. सुतक फिटलेलं होतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं त्या उभ्या केल्या, निऱ्या कशा पडायच्या ते त्यांच्या बोटांना ठाऊक. त्या वर्षी त्या आतल्या खोलीत बसल्या. साडीचा घोळ नीट येईना तेव्हा मी साडी घेऊन आत गेले, त्यांनी आतच निऱ्या घालून टाचण्या लावून दिल्या, मी ती तशीच बाहेर आणून नेसवली. हळदीकुंकवाला त्यांना कुणी हाक मारली नाही. पाया पडायला आलेल्या बायका त्यांच्या खोलीच्या दारावरून गेल्या.

२०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. सरकारनंही परिपत्रक काढलं, सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून. मी ते फोनवर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, सरकारला काय कळतंय महालक्ष्म्यांतलं. म्हणजे ज्यांना वगळलं त्यांचाच त्या रिवाजावर सगळ्यात जास्त विश्वास. मी पुढच्या वर्षी हट्टानं त्यांच्या हातून कुंकू लावून घेतलं. त्यांनी लावलं, पण हात थरथरत होता आणि तो आनंदानं नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की माझं काहीतरी वाईट होईल. ते चार महिने त्या माझ्या नवऱ्याच्या गाडीची वाट बघत जागायच्या.

त्यामुळे मला 'तुम्ही काय मानता' याच्यापेक्षा 'तुमच्या मानण्याचा भार कुणावर पडतो' हे विचारावंसं वाटतं. पुरुषांचं बरं असतं. देव मानला तरी आंघोळ करून दोन फुलं वाहायची, नाही मानला तरी ताट वाढून येतंच. भज्जीच्या दाण्यांना सोलायला कोण बसतं हो रात्रभर?

बालाघाटी

गोदाकाठची ताई, इथं माझी विकेट गेली. 'देव नाही, सण आहे' म्हणताना तो सण आयता येतो हे मी धरूनच चाललो होतो.

परभणीचा मास्तर

बोचक्यावर कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. मी मुसलमान, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शिकवतो मराठीच.

मोहरमचं आमच्या गावात असं आहे की मुसलमानांची घरं थोडी आणि सवाऱ्या, म्हणजे पिराचे पंजे, जास्त. पंजे उठवणारे मराठा, धनगर, मांग, सगळे. अलाव्यापाशी खड्डा खणायचा मान एका हटकर घराचा. फकीर झालेली पोरं गळ्यात नाडा घालून पाच घरं मागून आणायची. मलिद्याचा वास आला की शाळा सुटायच्या आत माझा वर्ग रिकामा. हे फार जुनं नाही सांगत, मी नोकरीला लागलो तेव्हाचं आहे.

आता काय झालंय, आमच्यातली शिकलेली पोरं म्हणतात की पंजे, सवाऱ्या हे इस्लाममध्ये नाही, बिदत आहे, म्हणजे नंतर घुसवलेलं. तुमच्यातली शिकलेली पोरं म्हणतात की हे आपलं नाही. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण पिराबाबतीत एकमत आहे. मागच्या मोहरमला सवारी धरायला माणूस मिळेना. एका म्हाताऱ्या तराळानं धरली.

परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस फेब्रुवारीत भरतो, तिथं गर्दी अजून मिसळलेली असते. खेळण्यांची दुकानं आणि पाळणे सगळ्यांचेच, म्हणून टिकलं असावं. गावातल्या पिराला पाळणा नाही.

आणि नागसेनवन सरांसारखं माझंही एक सांगतो, कारण प्रश्न ओळखीचा आहे. १७ सप्टेंबरला मी दरवर्षी शाळेत झेंड्याची दोरी बांधतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सगळं पोरांना मनापासून सांगतो. निजामाचं राज्य गेलं ते चांगलंच झालं, माझ्या मनात त्यात किंतु नाही. पण घरी माझी आजी त्या दिवशी चूल उशिरा पेटवायची. भारताचं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला पाटलांनी वाड्यातल्या बळदात ठेवलं होतं. ज्वारीच्या खळग्यात, वर फळी, फळीवर गोणपाट. तिचे वडील आणि दोन भाऊ घरी आले नाहीत. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, उस्मानाबाद आणि नांदेड सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून होता.

तर मी काय मानतो? आजी पाटलांच्या घरच्या भाकरीवर वाचली हे मानतो आणि तिचे भाऊ त्याच शिवारात गेले हेही. दोन्ही एकाच गावात घडलं. यातलं एकच धरा असं मला दोन्हीकडून सांगतात.

मुक्काम पोस्ट लोहा

आणि रझाकारांनी काय केलं ते विसरायचं का? आमच्या पणजोबांचं घर जाळलं. त्याचा एक शब्द नाही तुमच्या लिहिण्यात. सुंदरलाल बरे आठवतात.

व्यवस्थापक

विषयाला धरून लिहा. एकमेकांच्या घरच्या मयतांची तुलना या धाग्यावर चालणार नाही.

परभणीचा मास्तर

विसरायचं नाही, भाऊ. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, त्याचा उदय आमच्याच लातूरकडचा, तिथंच वकिली करायचा. त्याच्या माणसांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, हे मी वर्गात सांगतो. त्याच रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान या पत्रकाराला मारलं, 'इमरोज'चा संपादक, कारण तो भारतात सामील व्हा म्हणून लिहीत होता. त्याचंही नाव पोरांना सांगतो. तुमच्या पणजोबांचं घर कुठल्या गावचं ते लिहा, पुढच्या १७ तारखेला तेही सांगेन.

मुक्काम पोस्ट लोहा

गाव व्यक्तिगत निरोपात कळवतो.

बावन्नगाव

मी क्वचित लिहितो इथं. विश्वास हा शब्द आला म्हणून.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून उशिरा झोपलेलं गाव. पहाटे चारला काही मिनिटं कमी. आमची घरं म्हणजे दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर चढवून चढवून मणामणानं जड केलेलं. जेवढं घर मोठं तेवढी माती जास्त. लिंबाच्या फांद्यांच्या झोपडीतले वाचले, वाड्यातले गेले. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. आमच्या घरातून मी आणि चुलते निघालो.

लोक दोन प्रकारचे झाले असं सांगायची पद्धत आहे, काहींचा देव सुटला, काहींचा घट्ट झाला. मी पाहिलं ते तसं नाही. चुलते पुढं एकाच दिवसात दोन्ही असायचे. सकाळी मारुतीला शिव्या, संध्याकाळी त्याच मारुतीपुढं दिवा. किल्लारीच्या नीळकंठेश्वराला जायचे आणि येताना बोलायचे नाहीत. देवावरचा विश्वास राहिला की गेला हे त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. छतावरचा मात्र कित्येक वर्षं बसला नाही. नव्या गावात सरकारनं पक्की घरं दिली, भूकंपातही टिकतील अशी. चुलते बाहेर पत्र्याच्या शेडात झोपायचे. थंडीत, पावसात. घर सामान ठेवायला.

नवं गाव नकाशावर आखलेलं. बावन्न गावं नव्या जागी बसवली, त्यातलं आमचं एक. गल्ल्या काटकोनात, घरांना नंबर. इंजिनिअर लोकांना वाटलं असणार की आता सगळं नवं होईल. वस्ती मात्र जुन्या क्रमानंच बसली. कोण कुणाशेजारी हे आधी ठरलं, मग किल्ल्या वाटल्या. नागसेनवन यांना विचारायचं असेल तर सांगतो, त्यांची घरं पुन्हा कडेलाच आली. एवढी माणसं एकाच खड्ड्यात, एकाच चितेवर गेली होती. लाकूड कमी पडलं तेव्हा कुणी जात विचारली नव्हती.

तुमच्या देवघराचं वाचलं. आमचं देवघर ढिगाऱ्यात गेलं. जेसीबीनं माती काढताना एक टाक सापडला, कुणाच्या घरचा ते सांगता येईना. चुलत्यांनी ठेवून घेतला. बाईच्या रूपाचा आहे, भवानी असेल नाहीतर कुणाची तरी सवाशीण. त्याला आम्ही रोज पाणी घालतो.

मांजराकाठ

बावन्नगाव, यावर मला काही लिहिता येत नाही.

गोदाकाठची ताई, बहीण आहे. उदगीरला असते. तुमचं वाचून काल तिला फोन केला. ती पहिल्यांदा खूप बोलली, ते इथं लिहीत नाही, रास्त होतं सगळं. मग म्हणाली, तुम्हाला तिघांना नको असतील तर मला द्या, आण्णांच्या हातचे आहेत. दादानं जाणत्यांना विचारलं तर ते म्हणतात, कुळाचे देव लेकीच्या घरी जात नाहीत, दुसऱ्या कुळात गेलेली ती. गंमत अशी की दादाचा पोरगा, ज्याला बोचकं नको होतं, तो आत्याच्या बाजूनं उभा राहिला. म्हणतो, कुठल्या पुस्तकात लिहिलंय दाखवा. तिनं त्याला सांगितलं की मला दिलं तर बोचक्यासकट. आता दोघांची त्यावर जुंपली आहे.

मोडीवाला

वाटणीवाल्यांना एक सूचना. देवांचं होईल ते होईल, घरातले जुने कागद टाकू नका. देवघराच्या खालच्या कप्प्यात बहुतेकांच्या घरी एक पत्र्याची नळी किंवा रुमालात बांधलेलं दप्तर असतं.

मी मोडी वाचतो, थोडं उर्दूही. निजामाच्या काळात महसुलाचा कारभार उर्दूत, गावकीचे जुने कागद मोडीत. २०२३ पासून माझ्या ओट्यावर रोज माणसं असतात. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती आली, आणि ज्याला त्याला आपला आजा-पणजा कागदावर कोण होता ते बघायचं आहे. कुणाच्या खासरा पत्रकात, कुणाच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात. मी वाचून सांगतो. हवा तो शब्द निघाला तर पेढे येतात, नाही निघाला तर मी नीट वाचलं नाही असं म्हणतात. आरक्षण कुणाला असावं यावर मी ओट्यावर बोलत नाही आणि इथंही बोलणार नाही.

पण तीन पिढ्यांची दप्तरं वाचल्यावर एक दिसतं. सख्ख्या भावांच्या नोंदी वेगळ्या सापडतात. एका गावात मास्तर बदलला की पुढच्या पानापासून अख्ख्या गावाची जात वेगळ्या नावानं लागलेली असते. एका कागदावर धंदाच जात म्हणून उतरवलाय. लिहून घेणारा बाहेरून आलेला, सांगणारा घाईत. लोक ते पान हातात घेऊन रडतात, मी बघितलंय. मुक्काम पोस्ट लोहा यांनी घर जळाल्याचं लिहिलं, त्यातलं दुसरं नुकसान हे की त्यांच्या भागातली कित्येक दप्तरंही तेव्हाच गेली.

काळीरान

सायेब, आमच्याकडं एक पावती हाय, वर १३४७ लिवलंय. हिजरी का काय?

मोडीवाला

महसुलाची पावती असेल तर हिजरी नाही, फसली सन, निजामाच्या महसुलाचं वर्ष. त्यात ५९० मिळवा. १९३७-३८ च्या सुमाराची.

नागसेनवन

मांजराकाठ, तुम्ही घरातलं लिहा म्हणालात म्हणून अजून एक, मग थांबतो.

आमच्या वाड्यातल्या काही घरांनी गायरान कसायला घेतलं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यात ते चालू आहे, केसेस झाल्या, पिकात ढोरं घातली, तरी पेरत राहिले. माझी चुलत बहीण लग्न होऊन निलंग्याकडं गेली, तिच्या सासरचंही असंच गायरान आहे. खडकाळ, पण तिथं ते हरभरा घेतात. गेल्या डिसेंबरात तिच्याकडं गेलो तर तिचा नवरा रानात कोपी घालत होता. येळवस. आत पाच दगड, चुना, आंबील, आणि मधोमध बाबासाहेबांची तसबीर, तिला झेंडूचा हार.

मी चिडलो. म्हणालो, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुमच्या पोरांना? मग हे पाच दगड कोण? तो म्हणाला, पाव्हणे, ज्यांच्या रानात आमच्या बापाला पळसाच्या पानावर वाढायचे, त्यांच्याच बांधाला बांध लावून हे रान आहे. आज त्यांच्या कोपीतून आमची कोपी दिसली पाहिजे. दगडांचं म्हणाल तर ते आम्ही वेचून बाजूला केलेलेच आहेत, रानात दुसरं होतं काय.

मला ते पटलेलं नाही. परत येताना गाडीत बायकोशी त्यावरून वाद झाला, ती त्याच्या बाजूनं. आजोबा असते तर त्यांनी ते दगडही नदीत नेले असते, असं मी म्हणालो. ती म्हणाली, आणि आजी?

बालाघाटी

भज्जी खाल्लीत की नाही तिथं?

नागसेनवन

खाल्ली. दोनदा वाढून घेतली.

मोडीवाला

ते निलंग्याचं गायरान त्यांच्या नावावर लागलंय का?

नागसेनवन

सातबाऱ्यावर सरकार. तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई ला अतिक्रमणाची नोंद आहे म्हणतात, सासऱ्यांच्या नावानं.

मोडीवाला

म्हणतात नको, एक-ई चा उतारा हातात घ्या, शिक्क्यासकट. नोंद १४ एप्रिल १९९० च्या आधीची आहे का ते बघा, गायरानावरची अतिक्रमणं कायम करायच्या १९९१ च्या शासन निर्णयाला तीच तारीख लागते. दंडाच्या जुन्या पावत्या असतील तर त्याही. लोक फाडून टाकतात, पण कसत होतो याचा तोच पुरावा असतो. फोटो काढून पाठवा, बघून सांगतो.